एका मायावी जगाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या मानाचा आहे. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा पुण्यवान समजला जातो; त्याचें नांव शिलेवर कोरलें जातें आणि पुढील पिढ्या तें वाचून हात जोडतात. परंतु जुन्या वास्तूंचा अभ्यास करणारास या शब्दाची दुसरी बाजूहि ठाऊक असते. कोरीव खांबांवर चुन्याचे थर चढतात, जुना चौथरा नव्या फरशीखालीं जातो, आणि आधींचें देऊळ कसें होतें असें कोणी विचारलेंच तर दाखवावयास कांहीं उरत नाहीं. वृद्धांच्या आठवणी तेवढ्या उरतात, आणि त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. उद्धार आणि उच्छेद हीं दोन्ही कामें एकाच हातानें, एकाच दिवशीं, व बहुधा सद्धेतूनेंच होत असतात.

या द्वंद्वाचें जें उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों, तें देवळाचें नाहीं कीं राजवाड्याचेंहि नाहीं. तें एका खेळांतील जगाचें आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नांवाचा, इंटरनेटच्या द्वारें लक्षावधि लोकांनीं एकत्र खेळावयाचा एक अद्भुतरम्य खेळ आहे. त्याचा ‘कॅटॅक्लिझम’ म्हणजे महाप्रलय या नांवाचा विस्तार २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या अध्यापकानें खेळाच्या गोष्टी सांगत बसावें हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण ज्या भूमींत त्या वर्षीं १ कोटि २० लक्ष माणसें पैसे मोजून नांदत होतीं, जेथें त्यांच्या मैत्र्या जुळल्या व भांडणें झालीं, त्या भूमीची वार्ता इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. शिवाय येथें अभ्यासकास एक दुर्मिळ सोय आहे. जुनें जग कोणत्या दिवशीं नाहींसें झालें, तें कोणी व कां नाहींसें केलें, हें सर्व निःसंशय ठाऊक आहे.

अशा खेळांची परंपरा वाटते तितकी अलीकडची नाहीं. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें ‘मड’ नांवाचा एक खेळ संगणकावर रचावयास घेतला, व रिचर्ड बार्टल या त्याच्या सहाध्यायानें तो पुढें नेला. त्यांत चित्रें नव्हतीं, केवळ शब्द होते. खेळणारानें ‘उत्तरेस जा’ अशी आज्ञा टंकावी आणि यंत्रानें पुढच्या जागेचें वर्णन पडद्यावर उमटवावें, अशी रीत होती. नवल इतकेंच, कीं त्याच जागीं त्याच क्षणीं दुसरें खरेंखुरें माणूसहि उभें असूं शके. या एका गोष्टीनें खेळाची जातच पालटली. पुढें १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ व १९९९ सालीं ‘एव्हरक्वेस्ट’ हे खेळ निघाले. आणि २३ नोव्हेंबर २००४ रोजीं कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीनें आपला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अमेरिकेंत खुला केला. अझेरॉथ नांवाची त्यांतील भूमि त्या कंपनीच्या युद्धखेळांतून १९९४ पासून परिचित होतीच. पण त्या जुन्या खेळांत खेळणारा सेनापति असे व रणांगण वरून पाहत असे. आतां तो भूमीवर उतरला, आणि योद्धा, शिकारी किंवा मांत्रिक होऊन पायीं चालूं लागला.

पायीं चालूं लागला हे शब्द आम्ही मुद्दाम योजले आहेत. त्या पहिल्या खेळांत पराक्रमाच्या साठ पातळ्या होत्या, आणि चाळिसावी गांठेपर्यंत स्वारीला घोडा मिळत नसे. नाइट एल्फ या वनवासी जातीच्या नवख्यास दुसऱ्या खंडांतील आपल्या मित्रांकडे जावयाचें असल्यास त्यानें डार्कशोअरच्या किनाऱ्यावरील ऑबरडाइन बंदरांत यावें, धक्क्यावर नौकेची वाट पाहावी, समुद्र ओलांडून मेनेथिल बंदरीं उतरावें, आणि तेथून मगरींनीं भरलेली दलदल जीव मुठींत धरून ओलांडीत बुटक्यांच्या आयर्नफोर्ज नगराची वाट धरावी. वाटेंत तो दहा वेळां मरे. त्या प्रवासाचें कोणतेंहि बक्षीस नसे. पण ज्यानें तो केला तो त्याला विसरला नाहीं.

बॅरन्स नांवाचें एक पिवळें, विस्तीर्ण माळरान होतें. तेथील नाक्यावर मॅनक्रिक नांवाचा एक ऑर्क उभा असे; युद्धांत हरवलेल्या आपल्या पत्नीचा शोध घ्या, अशी विनवणी तो येणाऱ्याजाणाऱ्यास करी. ती कोठें आहे हें नकाशा सांगत नसे. मग त्या माळावरील शेंकडों अनोळखी माणसें एकमेकांस विचारीत, “मॅनक्रिकची बायको कोठें आहे?” कोणी खरें सांगे, कोणी थट्टा करी, कोणी सोबत येई. मूळ रचनेंतील एका उणिवेंतून एक शेजार निर्माण झाला. तसेंच साउथशोर आणि टॅरन मिल या दोन शेजारगांवांचें. एक गांव अलायन्स या पक्षाचें, दुसरें होर्ड या पक्षाचें. आणि त्या दोहोंमधील रस्त्यावर शेंकडों खेळाडू संध्याकाळच्या संध्याकाळ लढत राहत. या लढायांची आज्ञा कोणीं दिली नव्हती व त्यांत मिळावयाचेंहि फारसें कांहीं नव्हतें. २००५ च्या उन्हाळ्यांत कंपनीनें आखीव रणांगणें काढलीं व जय-पराजयास मोल लावलें, तेव्हां तो रस्ता ओस पडूं लागला. सोय केली कीं उत्स्फूर्त गोष्टी मरतात, याचें इतकें स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

आतां विस्ताराच्या प्रथेकडे वळूं. असा खेळ संपत नसतो. त्यामुळें खेळणारे शिखर गांठून कंटाळूं लागले कीं त्यांच्यासाठीं नवी भूमि काढावी लागते. एव्हरक्वेस्टनें २००० सालीं कुनार्क नांवाचें खंड जोडून ही वहिवाट पाडली. ब्लिझर्डनेंहि तीच वाट धरली. जानेवारी २००७ मध्यें ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारानें आउटलँड हा परलोक उघडला, आणि त्याच्या २४ लक्ष प्रती पहिल्या चोवीस तासांत खपल्या. नोव्हेंबर २००८ मध्यें ‘राथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारानें नॉर्थरेंड हें हिमप्रदेशाचें खंड आणलें. दर वेळीं पातळ्या दहांनीं वाढल्या, आणि वस्ती कांठाकडे सरकली. शहर बाहेर वाढत जातें तेव्हां मधल्या जुन्या पेठेची जी अवस्था होते, तीच अझेरॉथच्या जुन्या दोन खंडांची झाली. नवखा माणूस तेथें शिरला तर त्याला मैल न् मैल कोणी भेटत नसे. डिसेंबर २००९ च्या सुधारणेनें तर घरबसल्या सोबती मिळवून थेट गुहेंत उतरण्याची सोय झाली; त्याच सुधारणेनें कामगिरीचें ठिकाण नकाशावर आपोआप दाखविण्यास आरंभ झाला. मॅनक्रिकच्या बायकोविषयीं आतां कोणीं कोणास विचारावयाचें?

म्हणून कंपनीपुढें जो प्रश्न होता तो खोटा नव्हता, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. जुन्या भूमीची रचना २००४ पूर्वींच्या कारागिरीची होती. कामगिऱ्या विस्कळित, एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकास पोंचविण्याच्या. कांहीं प्रदेश तर अर्धेच राहिलेले. शिवाय नव्या खंडांत खेळाडूंस उडत्या वाहनांची संवय लागली होती, आणि जुनें जग उडण्यासाठीं बांधलेलेंच नव्हतें. स्टॉर्मविंड नगराच्या भव्य वेशीमागें वरून पाहिल्यास पोकळी दिसली असती. नाटकाच्या पडद्यामागें विंगेंतून डोकवावें तशी. तेव्हां ऑगस्ट २००९ मध्यें कंपनीनें आपल्या वार्षिक मेळाव्यांत जाहीर केलें, कीं पुढचा विस्तार केवळ नवी भूमि जोडून थांबणार नाहीं. जुनी भूमिहि नव्यानें घडविली जाईल. डेथविंग नांवाचा एक प्राचीन, वेडावलेला काळा नाग—त्यास नाग म्हणा, महासर्प म्हणा, पंख असलेला अजगर म्हणा—पाताळांतून बाहेर पडणार, आणि त्याच्या उत्पातानें पृथ्वी दुभंगणार, असें कथेंतील निमित्त योजलें होतें.

हें धाडस होतें, आणि त्याचें श्रेय नाकारणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. चालू दुकान बंद न करितां त्याचा पाया बदलण्याचा हा प्रकार होता. २३ नोव्हेंबर २०१० रोजीं, म्हणजे खेळ जन्मल्यास बरोबर सहा वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, अमेरिकेंत जुनें अझेरॉथ बदलण्यांत आलें. विस्तार स्वतः ७ डिसेंबरास विक्रीस आला. या दोन तारखांतील भेद महत्त्वाचा आहे. विस्तार विकत घ्यावा कीं न घ्यावा हें प्रत्येकाच्या इच्छेवर होतें, पण प्रलय सर्वांसाठीं होता. आउटलँडला न जाणारा मनुष्य आपल्या जुन्या गांवीं सुखानें राहूं शकत होता. यापुढें तें गांवच उरलें नाहीं.

काय काय बदललें याची यादी लांब आहे. कांहीं स्थळें तेवढीं सांगतों. बॅरन्सचा माळ मधोमध फाटला, भेगेंतून तप्त रस वाहूं लागला, आणि एका प्रदेशाचे दोन झाले. थाउजंड नीडल्स ही सुळक्यांची कोरडी दरी समुद्रानें भरली. जेथें शर्यतीचें मैदान होतें तेथें तरंगता तराफा आला. लॉक मोडन येथील धरण फुटून सरोवर आटलें. डेसोलेस या हाडांच्या वाळवंटांत मात्र हिरवळ उगवली. या एका स्थळीं प्रलयानें जीवन दिलें, आणि ती कल्पना आम्हांस खरोखर सुंदर वाटते. स्टॉर्मविंडमधील उद्यान जळून गेलें. अझशारा प्रांत गॉब्लिनांच्या ताब्यांत गेला, आणि त्यांनीं जमीन अशी खोदली कीं आकाशांतून पाहिल्यास होर्डच्या निशाणाची आकृति दिसावी. विजेत्यांच्या हौसेला कोठल्याहि युगांत मर्यादा नसते! साउथशोर गांवावर विषारी रोग सोडून तें निर्मनुष्य करण्यांत आलें. ऑबरडाइन समुद्रानें व वादळानें मोडून टाकलें. ज्या धक्क्यावर सहा वर्षें माणसें नौकेची वाट पाहत उभीं राहिलीं तेथें दगडांचे ढीग राहिले. पलीकडच्या किनाऱ्यावर मेनेथिलमध्येंहि पाणी शिरलें. बॅरन्समधील एका टेकडीवर, खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीं त्याच वर्षीं अकालीं वारलेल्या कंपनीच्या एका तरुण चित्रकाराचें स्मारक बांधलेलें होतें. तेवढें मात्र कर्त्यांनीं जेथल्या तेथें राखलें. आपलें कोण आणि परकें कोण हें बांधणाऱ्यास नेमकें समजत असतें.

नव्या कामाचा दर्जा पाहूं गेल्यास तो जुन्याहून सरस होता, यांत शंका नाहीं. प्रत्येक प्रदेशास आतां आरंभ, मध्य व शेवट असलेली एक कथा मिळाली, हेलपाटे संपले. पण ही कथा वाचकाला हाताला धरून नेणारी होती. एका गांवीं तीन कामें, पुढच्या गांवीं चार, आणि दोन दिवसांत प्रदेश संपला. खेळाडूनें एक काम पुरें केलें कीं त्याच्यापुरतें जग पालटे, ही युक्ति मागच्याच विस्तारांत साधली होती. तिचा येथें सढळ उपयोग झाला. परिणाम असा, कीं दोन मित्र एकाच जागीं उभे असावे, एकास तेथें जळतें गांव दिसावें, दुसऱ्यास विझलेलें, आणि दोघांस एकमेक मुळींच दिसूं नयेत. जेथें तुमच्याच क्षणीं दुसरें माणूस उभें असूं शकतें म्हणून हा खेळ जन्मला, तेथेंच हा प्रकार घडला.

इतिहासाच्या अध्यापकास सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट निराळीच आहे. प्रलयामुळें खेळांतील काळ उलटासुलटा झाला. पूर्वीं साठ पातळ्यांचें जुनें जग, नंतर आउटलँड, नंतर नॉर्थरेंड, असा भूमींचा क्रम हाच घटनांचाहि क्रम होता. आतां जुनें जग एकदम २०१० च्या काळांत आलें, पण मधल्या दोन भूमि होत्या तेथेंच राहिल्या. त्यामुळें ऑर्कांच्या पक्षाचा नवा खेळाडू ऑर्ग्रिमार राजधानींत शिरे तेव्हां गादीवर गॅरॉश हेलस्क्रीम हा उग्र सरदार बसलेला त्याला दिसे. थ्रॉल या थोर नायकानें राज्य सोडून तें याच्या हातीं दिलें होतें. तोच खेळाडू पुढें आउटलँडमध्यें नाग्रांडच्या कुरणांत पोंचला, कीं हाच गॅरॉश तेथें बापाच्या अपकीर्तीनें खचलेला, खिन्न होऊन बसलेला भेटे, आणि थ्रॉल अद्याप राजा असे. त्यानंतर नॉर्थरेंडांत तो सेनापति झालेला दिसे. आणि शेवटीं ऐंशीव्या पातळीवर, ज्या प्रलयाच्या खुणा खेळाडूनें पहिल्या दिवसापासून पाहिल्या होत्या, तो प्रलय होणार असल्याची वार्ता त्याला कळे! एखाद्या बखरींत पानें चुकीचीं शिवलीं जावींत, पेशवाईचा अंत आरंभीं यावा व रायगडचा राज्याभिषेक मध्येंच कोठें तरी सांपडावा, तशी ही गत झाली. डेथविंगचा वध नोव्हेंबर २०११ मध्यें झाला, तरी जमिनीच्या भेगा बुजल्या नाहींत. या कालविपर्यासावर खराखुरा उतारा २०२० सालीं निघाला. क्रोमी नांवाच्या काळरक्षिकेला भेटून नवख्यानें आपणांस कोणत्या युगांत जावयाचें तें निवडावें, अशी व्यवस्था तेव्हां झाली. पण त्या युगांच्या यादींत प्रलयापूर्वींचें जुनें अझेरॉथ नव्हतें. तें युग मोडून त्यावरच बांधकाम झालें होतें.

विस्तार खपला मात्र विलक्षण. पहिल्या चोवीस तासांत ३३ लक्ष प्रती गेल्या. परंतु ऑक्टोबर २०१० मध्यें १ कोटि २० लक्ष असलेली खेळाडूंची संख्या २०११ च्या अखेरीस १ कोटि २ लक्षांवर आली. या घटीचें खापर प्रलयाच्या माथीं फोडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत सामील होत नाहीं. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली तिचें कारण ठरत नाहीं, हें तर्कशास्त्राचें पहिलें सूत्र आहे. खेळ सात वर्षांचा झाला होता, आणि कोणताहि मेळा तितकी वर्षें त्याच गर्दीनें भरत नाहीं. तथापि जे गेले त्यांतील पुष्कळांच्या मनांत एक विशिष्ट तक्रार होती, आणि ती संख्येनें मोजतां येणारी नव्हती. खेळ वाईट झाला, इतकेंच त्यांचें म्हणणें नव्हतें. आमचें गांव कोठें आहे, असें ते विचारीत होते.

या प्रश्नाचा विचार करतांना अशा खेळाचें एक लक्षण ध्यानांत घेतलें पाहिजे. पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली तरी जुनी आपल्या फळीवर राहते; चित्रपट पुन्हां काढला तरी आधींचा नाश पावत नाहीं. येथें तसें नाहीं. हें जग कंपनीच्या यंत्रांवर नांदतें, आणि तेथें बदललें कीं सर्वत्र बदलतें. कोणाच्याहि घरीं जुनी प्रत राहत नाहीं. राहिली तरी ती निर्जीव असते, कारण तींत माणसें नसतात. कंपनीनें २०१६ पासून ‘क्रॉनिकल’ या नांवानें आपल्या जगाची बखर छापावयास आरंभ केला. तींत देवांचीं व राजांचीं युद्धें आहेत. टॅरन मिलच्या रस्त्यावरच्या संध्याकाळी त्या बखरींतून कोणास कळणार?

तेव्हां लोकांनीं स्वतःच उद्योग आरंभिला. कंपनीची परवानगी न घेतां, जुन्या खेळाची नक्कल आपल्या यंत्रांवर चालविणारे लोक पूर्वींपासून होते. प्रलयानंतर त्यांच्याकडे ओढा वाढला. २०१३ च्या मेळाव्यांत एका प्रेक्षकानें, कंपनीच जुन्या स्वरूपांतील खेळ चालवील काय, असें विचारलें. त्यावर जे. अ‍ॅलन ब्रॅक या अधिकाऱ्यानें जें उत्तर दिलें त्याचा आशय असा, कीं तुम्हांस तो हवासा वाटतो, पण वास्तविक तो तुम्हांस नको आहे. हें वाक्य पुढें फार गाजलें. आम्हांस त्यांत उद्धटपणापेक्षां एका व्यवसायाची प्रामाणिक समजूत दिसते: नवें तें सुधारलेलें, आणि सुधारलेलें सोडून मागें कोण जाईल? गंमत ही, कीं त्याच २०१३ च्या फेब्रुवारींत ‘रूनस्केप’ या इंग्लंडांतील खेळाच्या चालकांनीं ऑगस्ट २००७ ची राखून ठेवलेली प्रत, खेळाडूंचें मत घेऊन, पुन्हां खुली केली होती. मत देणारे साडेचार लक्षांच्या आसपास होते. आणि २०१५ सालीं एव्हरक्वेस्टच्या मालकांनीं, रसिकांनीं चालविलेल्या ‘प्रोजेक्ट १९९९’ या जुन्या स्वरूपाच्या खेळास रीतसर मान्यता दिली.

ब्लिझर्डनें उलट मार्ग पत्करला. ‘नॉस्टॅल्रियस’ नांवाच्या अशाच एका खासगी केंद्रावर, त्याच्या चालकांच्या सांगण्याप्रमाणें, आठ लक्ष खातीं नोंदलेलीं होतीं व दीड लक्ष खेळाडू नियमित येत. कायदेशीर नोटिशीनंतर एप्रिल २०१६ मध्यें तें बंद झालें. कायदा कंपनीच्या बाजूनें होता यांत वाद नाहीं. पण त्यानंतर दोन लक्षांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला, आणि कंपनीनें त्याच चालकांना आपल्या कार्यालयांत बोलावून त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें ‘क्लासिक’ या नांवानें जुना खेळ परत येणार असल्याची घोषणा झाली. ती ब्रॅक यांनीच केली. २००४ ते २००६ चा जो खेळ, तोच पुन्हां.

पण ‘तोच’ म्हणजे कोणता? येथें कंपनीच्या तंत्रज्ञांस तीच अडचण आली जी पुण्यास महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणाऱ्या पंडितांस आली होती. त्या दोन वर्षांत खेळ वारंवार बदलला होता. मूळ असें एक नव्हतेंच, पाठभेद होते. अखेर ऑगस्ट २००६ चा शेवटचा पाठ प्रमाण धरला, कारण त्याची सामग्री जतन केलेली होती. जुनें यंत्रकाम नव्या काळांत चालण्याजोगें नव्हतें. म्हणून जुनी सामग्री नव्या यंत्रकामावर बसविली गेली. मग २०१९ मध्यें परीक्षेसाठीं खेळाडूंना बोलाविलें, तेव्हां एक मौजेची गोष्ट घडली. जुन्या खेळाडूंनीं चुका म्हणून ज्या गोष्टी कळविल्या, त्यांतील कित्येक चुका नव्हत्याच. पूर्वीं खेळ तसाच होता. भ्यालेलीं माणसें व प्राणी इतक्या वेगानें कसे पळतात? पूर्वीं तसेच पळत. योद्ध्याची प्रकृति इतक्या संथपणें कां सुधारते? पूर्वीं तशीच सुधारे. शेवटीं कंपनीस ‘या चुका नव्हत’ अशी एक यादीच प्रसिद्ध करावी लागली. जें परत मिळावें म्हणून लोक इतके भांडले, त्याची त्यांची स्मृति तेरा वर्षांत इतकी बदलली होती. तोंडी साधनांवर विसंबणाऱ्या प्रत्येक संशोधकानें ती यादी वाचावी.

ऑगस्ट २०१९ मध्यें क्लासिक खुलें झालें आणि प्रवेशासाठीं तासन् तास रांगा लागल्या. ब्रॅक यांचें भाकित अर्थातच चुकलें. पण तें सर्वस्वी चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. रॅग्नरॉस नांवाच्या अग्निदैत्यास पहिल्यानें मारण्यास मूळ खेळांत पांच महिने लागले होते. २०१९ मध्यें आठवडा पुरा होण्याच्या आंत तो मारला गेला. भूमि तीच होती. चालणारे आतां वाट ओळखत होते. मॅनक्रिकची बायको कोठें आहे हें सर्वांस ठाऊक होतें, आणि तरीहि कित्येक जण तो प्रश्न जुन्या मित्रास हांक मारावी तसा मोठ्यानें विचारीत. देऊळ परत मिळालें. पहिल्या दर्शनाची अनोळख मिळाली नाहीं, आणि ती कोणास देतां येण्यासारखीहि नव्हती. येथें कंपनीच्याच एका पूर्वीच्या कृत्याची आठवण होते: २०१४ च्या अखेरीस, खेळास दहा वर्षें झालीं म्हणून, तिनें साउथशोर व टॅरन मिल यांचें युद्ध कांहीं आठवडे आखीव रणांगण म्हणून भरविलें होतें. गांव स्वतः उजाडलें, आणि मग त्याची जत्रा भरविली!

जुन्याच्या मागें लागलेल्या या रथाचीं चाकें पुढेंहि फिरत राहिलीं. क्लासिकच्या खेळाडूंसाठीं २०२१ मध्यें बर्निंग क्रुसेड व २०२२ मध्यें लिच किंग हे विस्तार त्याच क्रमानें पुन्हां आले. आतां पुढचा क्रम कोणता तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. ३० एप्रिल २०२४ रोजीं त्या परत आणलेल्या जगाची भूमि दुसऱ्यांदां दुभंगली आणि २० मे रोजीं प्रलयाचा विस्तार पुन्हां प्रसिद्ध झाला. बॅरन्स फाटलें, साउथशोर उजाड झालें, ऑबरडाइन समुद्रांत गेलें. या वेळीं कित्येकांनीं त्याचें स्वागत केलें, कारण २०१० सालीं पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आतां एकोणतीस-तीस वर्षांचा झाला होता, आणि त्याचें बालपण फुटलेल्या अझेरॉथमध्येंच गेलें होतें. उडत्या वाहनावरून खालीं दिसणारी ती अग्निरेषा त्याच्या लेखीं विध्वंस नव्हती. तें त्याचें गांव होतें.

दुसऱ्यांदा झालेल्या या प्रलयांत एक भेद मात्र होता. २०१० सालीं कोणासहि मागें राहतां आलें नव्हतें. २०२४ मध्यें ज्यांस राहावयाचें होतें त्यांच्यासाठीं ऑगस्ट २००६ च्या पाठाचीं केंद्रें निराळीं चालूच ठेवलेलीं होतीं. तेथें घोड्यावाचून चालावें लागतें, नकाशा कांहीं सांगत नाहीं, आणि ऑबरडाइनच्या धक्क्यावरून मेनेथिलची नौका थोड्या थोड्या वेळानें सुटते.